घराचा कागद, कर्जाचा कागद

जयपूरच्या बनी पार्क भागात जिल्हा न्यायालयांचा परिसर आहे. देशातील कोणत्याही न्यायालयाच्या आसपास असतात, तशी तेथेही वकिलांची लहान लहान कार्यालये असतात. एक ज्येष्ठ वकील, एखाद-दुसरा कनिष्ठ, एक टंकलेखक आणि न्यायालयात खेपा घालणारा एक मुन्शी, एवढाच अशा कार्यालयाचा संसार. मोठ्या कंपन्यांचे खटले या दारात सहसा येत नाहीत. येथे येतात ती साधी माणसे, आणि त्यांचे प्रश्न बहुधा दोनच गोष्टींभोवती फिरतात : घर आणि कर्ज. एकाच्या हातात भूखंडाची नवी कागदपत्रे असतात आणि चेहऱ्यावर उत्साह असतो. दुसऱ्याच्या हातात बँकेच्या नोटिसांनी भरलेली पिशवी असते आणि तो खुर्चीच्या अगदी कडेला बसतो. पुष्कळदा ही दोन माणसे वेगळी नसतात. आज घर घेण्यासाठी आलेले कुटुंबच काही वर्षांनी तेच घर वाचवण्यासाठी येते.

म्हणूनच स्थावर मालमत्ता आणि नादारी ही कायद्याची दोन क्षेत्रे लहान कार्यालयातील वकील एकत्र सांभाळतो. ‘नादारी’ म्हणजे देणी फेडता न येण्याची, कायद्याने मान्य केलेली अवस्था. बोलीभाषेत आपण तिला दिवाळे म्हणतो. या वकिलाचे काम नेमके काय असते, ते शिकावे कसे लागते आणि त्यात अवघड काय आहे, हे समजून घेताना जयपूर हे शहर चांगले उदाहरण ठरते. तेथील जमिनीचा इतिहासच गुंतागुंतीचा आहे.

सवाई जयसिंह यांनी १७२७ मध्ये हे शहर वसवले. सरळ रस्ते, काटकोनातील चौक आणि ठरावीक मापाच्या ‘चौकडी’ अशी त्याची आखणी होती. तटबंदीच्या आतील या जुन्या शहराला २०१९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. पर्यटकाला तेथे गुलाबी भिंती दिसतात. वकिलाला मात्र त्या भिंतींमागचे वारस दिसतात. एका हवेलीचे मूळ मालक एक, पण चार पिढ्यांनंतर हिस्सेदार पंचवीस. त्यांपैकी कोणी मुंबईला, कोणी सुरतेला, कोणाचा पत्ताच नाही. अशा हवेलीतील दोन खोल्या विकत घ्यायच्या झाल्या, तरी वाटणीपत्र झाले होते का, मुलींचा हिस्सा सोडवला गेला होता का आणि तळमजल्यावरचा जुना भाडेकरू कोणत्या हक्काने बसला आहे, हे सारे पाहावे लागते. राजस्थानात भाडे नियंत्रणाचा नवा कायदा २००१ चा असून तो २००३ पासून लागू आहे, आणि त्याखालील वाद भाडे न्यायाधिकरणापुढे चालतात.

तटबंदीबाहेरचा प्रश्न आणखी वेगळा आहे. शहर वाढत गेले ते शेतजमिनीवर. १९८२ च्या कायद्याने जयपूर विकास प्राधिकरण स्थापन झाले. परंतु प्राधिकरणाच्या आखणीपेक्षा लोकांची घराची निकड वेगाने धावत होती. ही निकड गृहनिर्माण सहकारी समित्यांनी भागवली. समिती शेतकऱ्याकडून करारावर जमीन घेई, कागदावर भूखंड पाडी आणि सभासदाला एक ‘पट्टा’ देई. महाराष्ट्रातील वाचकाला ‘सोसायटी’ म्हटले की इमारतीची देखभाल करणारी संस्था आठवते. येथे मात्र सोसायटी म्हणजे भूखंड विकणारी संस्था. तिच्या पट्ट्यावर शिक्का असे, सही असे, क्रमांकही असे. नसे ते एवढेच, की जमीन शेतीची असताना घर बांधण्याची परवानगी आणि कायद्याने झालेले हस्तांतरण. काही ठिकाणी तर एकच भूखंड दोघांना दिला गेला. पृथ्वीराज नगरसारख्या विस्तीर्ण भागात सरकारी भूसंपादन आणि समित्यांचे पट्टे यांचा वाद वर्षानुवर्षे चालला. पुढे १९९९ मध्ये राजस्थानच्या जमीन महसूल कायद्यात ९०-ब हे कलम आले. शेतकऱ्याने हक्क सोडायचा, जमीन प्राधिकरणाकडे यायची आणि प्राधिकरणाने शुल्क घेऊन रहिवाशाला स्वतःचा पट्टा द्यायचा, अशी ती व्यवस्था होती. नंतर ते काम ९०-अ या कलमाकडे गेले. तेव्हा जयपुरात कोणी ‘माझ्याकडे पट्टा आहे’ असे म्हणाला, तर वकिलाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “पट्टा कोणाचा? प्राधिकरणाचा की समितीचा?”

या प्रश्नामागे एक मूलभूत गोष्ट आहे आणि ती प्रत्येक घर घेणाऱ्याने जाणून घ्यावी अशी आहे. आपल्या देशात दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंद होते ती दस्ताची, मालकीची नव्हे. १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार निबंधक पाहतो ते दस्त योग्य रीतीने केला आहे की नाही, मुद्रांक पुरेसा आहे की नाही आणि सह्या करणारे तेच आहेत की नाही. विकणारा खरोखर मालक आहे का, याची हमी तो देत नाही. दुसऱ्याची जमीन विकणाऱ्याचा दस्तही नोंदला जाऊ शकतो. राजस्थानने २०१६ मध्ये शहरी जमिनीच्या मालकीहक्काला प्रमाणपत्र देण्याचा कायदा केला आणि असा कायदा करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. परंतु तो ऐच्छिक आहे. मालकी तपासण्याचा भार अजूनही घेणाऱ्यावर आणि पर्यायाने त्याच्या वकिलावर आहे.

या तपासणीला ‘शोध’ म्हणतात. वकील निबंधकाच्या कार्यालयातील सूची पाहतो आणि साधारणपणे तीस वर्षे मागे जातो. तीसच का? गहाण टाकलेली मालमत्ता सोडवून घेण्यासाठी १९६३ च्या मुदत कायद्याने तीस वर्षांचा अवधी दिला आहे. त्या काळातील एखादे गहाणखत उघडकीला आले, तर जुना मालक दारात उभा राहू शकतो. त्यानंतर महसूल खात्याचे कागद येतात. महाराष्ट्रात जसा सातबारा, तशी राजस्थानात जमाबंदी. आपण ज्याला गट किंवा सर्व्हे क्रमांक म्हणतो, त्याला तेथे खसरा म्हणतात. जमाबंदीची नक्कल आता ‘अपना खाता’ या सरकारी संकेतस्थळावर मिळते. नक्कल मिळवणे सोपे झाले आहे. ती वाचणे मात्र पूर्वीइतकेच अवघड आहे.

उदाहरणार्थ, खातेदार अनुसूचित जातीचा असेल, तर १९५५ च्या राजस्थान कूळ कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार त्याची शेतजमीन अनुसूचित जातीबाहेरच्या माणसाला विकता येत नाही. अनुसूचित जमातीच्या जमिनीलाही असेच संरक्षण आहे. तरीही अशा जमिनींवर भूखंड पाडले गेले आणि ते अनेक हातांतून फिरले. दुसरे उदाहरण ‘मंदिर माफी’ या नोंदीचे. ती जमीन देवाची असते. कायद्याच्या दृष्टीने देव हा कायमचा अज्ञान, म्हणून पुजाऱ्याने केलेली विक्री टिकत नाही. तिसरी नोंद सर्वांत फसवी असते, ‘गैर मुमकिन नाला’. म्हणजे तेथून कधीकाळी पाणी वाहत होते. वाळवंटी राज्यात नाला बाराही महिने कोरडा दिसतो आणि घेणाऱ्याला ती उत्तम सपाट जमीन वाटते. परंतु नदी-तलावांच्या पात्रात खातेदारी हक्क निर्माण होत नाहीत, असे कूळ कायद्याचे १६ वे कलम सांगते. २००४ मध्ये अब्दुल रहमान यांच्या याचिकेवर राजस्थान उच्च न्यायालयाने अशा जलप्रवाहांच्या आणि पाणलोटांच्या जमिनी १५ ऑगस्ट १९४७ रोजी होत्या त्या स्थितीत आणण्याचा आदेश दिला. त्यामुळे आजची जमाबंदी स्वच्छ असली, तरी चांगला वकील जुनी जमाबंदीही मागवतो. जुन्या कागदांतील उर्दूमिश्रित महसुली भाषा ज्याला कळते, त्याला या शहरात काम कमी पडत नाही.

मुखत्यारपत्रावर होणाऱ्या विक्रीविषयीही येथेच सांगितले पाहिजे. खरेदीखत न करता कुलमुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र असे तीन कागद देऊन घर ‘विकण्याची’ पद्धत उत्तर भारतात फार रूढ होती. मुद्रांक शुल्क वाचते, हे तिचे आकर्षण. सूरज लॅम्प या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले, की अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही. स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. वाचवलेले शुल्क पुढे किती महाग पडते, हे लहान कार्यालयातील वकिलाइतके कोणीच पाहिलेले नसते.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीतील सदनिका घेणाऱ्याचे संकट वेगळे असते. त्याच्यासाठी २०१६ चा स्थावर संपदा कायदा आला. लोक त्याला त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘रेरा’ म्हणतात. महाराष्ट्रात त्याखाली महारेरा आहे, राजस्थानात जयपूर येथे राजस्थान रेरा आहे. जमीन पाचशे चौरस मीटरपेक्षा अधिक आणि सदनिका आठांपेक्षा अधिक असलेल्या प्रकल्पाची नोंदणी केल्याशिवाय विक्रीची जाहिरातही करता येत नाही, आणि हा नियम भूखंडांच्या योजनांनाही लागू आहे. ग्राहकांकडून आलेल्या रकमेचा सत्तर टक्के भाग त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावा लागतो. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ठरलेल्या दिवशी ताबा मिळाला नाही, तर ग्राहकाला व्याजासह पैसे परत मागता येतात किंवा प्रकल्पात राहून विलंबाचे व्याज मागता येते. या प्राधिकरणापुढे पक्षकाराला स्वतःही उभे राहता येते. वकील लावलाच पाहिजे असे नाही. अर्थात, आदेश हाती येणे आणि पैसा हाती येणे यांत मोठे अंतर असते. वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे होते आणि विकासकाकडे काही उरलेच नसेल तर आदेशाचा कागद फाइलमध्ये पडून राहतो.

विकासकाने तोच प्रकल्प बँकेकडे गहाण टाकलेला असेल आणि बँक जप्तीला आली, तर ग्राहकाने काय करावे? हा प्रश्न राजस्थानातच उभा राहिला. युनियन बँक आणि राजस्थान रेरा यांच्यातील प्रकरणात राजस्थान उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये असा निर्णय दिला, की बँकेचा वसुलीचा कायदा आणि रेरा यांच्यात संघर्ष आला तर रेरा वरचढ ठरतो, आणि बँकेने मालमत्तेचा ताबा घेतल्यावर ग्राहक तिच्याविरुद्धही रेराकडे जाऊ शकतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. याशिवाय २०१८ पासून घर घेणाऱ्यालाही विकासक कंपनीचा ‘वित्तीय धनको’ मानले जाते. नादारी संहितेखाली त्याला राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाता येते, ज्याचे एक खंडपीठ जयपुरात आहे. मात्र त्यासाठी एकाच प्रकल्पातील किमान शंभर किंवा एकूण ग्राहकांच्या दहा टक्के ग्राहकांनी एकत्र यावे लागते.

धनको म्हणजे ज्याचे येणे आहे तो आणि ऋणको म्हणजे ज्याचे देणे आहे तो. मराठीने ही जोडी फार नेटकी घडवली आहे. येथवर आपण घर घेणाऱ्याला धनको म्हणून पाहिले. आता तोच ऋणको झाला तर काय होते ते पाहू.

‘दिवाळे’ या शब्दाचे मूळ ‘दिवा’ या शब्दात असल्याचे सांगतात. देणी फेडता येईनाशी झाली की व्यापारी भर दिवसा दुकानात दिवा लावून ठेवी आणि त्यावरून बाजाराला समजे. ती एक प्रकारची जाहीर कबुली होती. आजच्या कायद्यातही नादारीचा अर्ज म्हणजे अशीच कबुली असते; दिव्याऐवजी शपथपत्र असते एवढेच. कर्जदाराला कायद्याने काही आसरा द्यावा, हा विचार आपल्याकडे महाराष्ट्राच्या भूमीतून पुढे आला, ही गोष्ट येथे आठवण्यासारखी आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले आणि त्याचे लोण आसपास पसरले. हेच दख्खनचे दंगे. त्यांच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे त्याने बंद केले.

जयपूरच्या आजच्या कर्जदाराला लागू असलेला कायदा मात्र १९२० चा आहे : प्रांतिक नादारी अधिनियम. २०१६ ची नवी संहिता आली तेव्हा तिच्या तिसऱ्या भागात सामान्य व्यक्तींच्या नादारीची नवी व्यवस्था लिहिली गेली. अगदी गरीब कर्जदाराला ‘नवी सुरुवात’ करून देण्याची तरतूदही तिच्यात आहे. परंतु तो भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींसाठीच लागू करण्यात आला. पगारदार, दुकानदार, कारागीर यांच्यासाठी तो अजून लागू झालेला नाही, आणि त्यांना शंभर वर्षांपूर्वीच्या दारानेच आत जावे लागते. त्या कायद्यात अर्ज करण्यासाठी कर्जाची किमान रक्कम पाचशे रुपये आहे, यावरूनच त्याचे वय कळावे. हजारो कोटींच्या कर्जासाठी मुदतबद्ध आधुनिक न्यायाधिकरण आणि शिंप्याच्या दोन लाखांसाठी ब्रिटिश काळातील अधिनियम, ही स्थिती न्याय्य म्हणता येणार नाही.

समजा, जयपूरजवळच्या सांगानेर येथील एक छापकाम करणारा कारागीर आहे. सांगानेरचे लाकडी ठशांनी छापलेले कापड देशभर जाते. त्याने कापडासाठी व्यापाऱ्याकडून उधार घेतले, यंत्रासाठी बँकेकडून, मुलीच्या लग्नासाठी खासगी वित्तसंस्थेकडून. आणि घरावरचे कर्ज वेगळेच. एक मोठी मागणी रद्द झाली आणि सगळे हप्ते एकदम थकले. तो वकिलाकडे आला तर वकील प्रथम कायदा सांगत नाही. तो एक कोरा कागद पुढे ओढतो आणि प्रत्येक कर्जाची तारीख, रक्कम, व्याज, तारण आणि जामीनदार लिहून घेतो. पुष्कळदा आपले एकूण देणे किती आहे, हे कर्जदाराला त्या दिवशी प्रथमच कळते.

त्यानंतर वकील त्याला, काय जाऊ शकत नाही, ते सांगतो. हा भाग सर्वांनी लक्षपूर्वक वाचावा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमानुसार कर्जदाराचे आणि त्याच्या कुटुंबाचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त करता येत नाही. धार्मिक रूढीनुसार स्त्रीने अंगावरून दूर करू नयेत असे दागिने जप्त होत नाहीत. मंगळसूत्र त्यांतच येते. कारागिराची हत्यारे जप्त होत नाहीत, म्हणजे आपल्या छापकाम करणाऱ्याचे लाकडी ठसे त्याच्याकडेच राहतात. भविष्य निर्वाह निधी आणि मजुराची मजुरी यांनाही हात लावता येत नाही. पगारदाराच्या पगारातील पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित असतो. आणि तुरुंगाचे काय? पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. पुरुषालाही, ऐपत असून तो टाळाटाळ करतो असे सिद्ध झाल्याशिवाय, दिवाणी तुरुंगात पाठवता येत नाही. जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या प्रकरणात १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे ठामपणे सांगितले. निव्वळ गरिबी हा अपराध नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

मात्र धनादेश न वटल्याचा खटला निराळा असतो. तो फौजदारी स्वरूपाचा असल्याने नादारीच्या अर्जाने थांबत नाही. वसुलीसाठी कोरे सही केलेले धनादेश देऊन बसलेल्या कर्जदाराला वकील सर्वांत आधी याच गोष्टीचा इशारा देतो.

नादारीचा अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा असतो. न्यायालयाने अर्जदाराला नादार ठरवले की त्याची मालमत्ता, वर सांगितलेल्या वस्तू वगळून, न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि तिची विक्री होऊन सर्व धनकोंत वाटणी होते. अटकेपासून संरक्षण मागता येते. पुढे ठरलेल्या मुदतीत मुक्ततेचा अर्ज करावा लागतो आणि मुक्तता मिळाली की उरलेली बहुतेक देणी संपतात. सरकारी देणी आणि फसवणुकीतून उद्भवलेली देणी मात्र संपत नाहीत. शिवाय अर्ज करण्यापूर्वीच्या दोन वर्षांत घाईघाईने पत्नीच्या किंवा भावाच्या नावे केलेले दस्त रद्द होऊ शकतात. मालमत्ता देण्याच्या निम्म्याइतकीही नसेल, तर ती पाळी आपल्या दोषाने आली नाही हे कर्जदाराला दाखवून द्यावे लागते. नाहीतर न्यायालय बिनशर्त मुक्तता देत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे : ज्या बँकेकडे घर गहाण आहे, तिचा हात नादारीने अडत नाही.

घरासाठी लढाई वेगळ्या ठिकाणी करावी लागते. २००२ च्या कायद्याने बँकेला दिवाणी न्यायालयात न जाता तारण मालमत्ता विकता येते. हप्ते नव्वद दिवस थकले की खाते बुडीत वर्गात जाते. मग साठ दिवसांची नोटीस येते. तिला लेखी हरकत घेतली, तर पंधरा दिवसांत कारणासह उत्तर देणे बँकेवर बंधनकारक असते. ताबा घेण्याची कारवाई झाल्यावर पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागावी लागते; असे न्यायाधिकरण जयपुरात आहे. लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वी सर्व रक्कम भरली, तर घर सोडवता येते. नंतर तो हक्क उरत नाही. २०१६ च्या दुरुस्तीने आलेला हा नियम अनेकांना ठाऊक नसतो. ते लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे घेऊन धावत येतात आणि उशीर झालेला असतो. नोटीस आलेला लखोटा न फोडता कपाटात ठेवणे, ही जणू अशा कर्जदारांची सवयच असते. त्यामागे भीती असते, आळस नव्हे.

या साऱ्या वाटा माहीत असूनही लहान कार्यालयातील वकील नादारीचा अर्ज क्वचितच करतो. त्याचा बराच वेळ तडजोडीत जातो. बँकेशी एकरकमी फेडीची बोलणी, हप्त्यांची नवी मांडणी, लोकअदालतीतील समझोता, हे त्याचे खरे काम. वसुली एजंटांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर दूरध्वनी करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावले आहे. एवढ्या एका नियमाचा हवाला देऊन लिहिलेल्या पत्रानेही कर्जदाराच्या घरात थोडी शांतता येते.

या व्यवसायात यायचे कसे? बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम असतो. शाळा सुटून नंतर दूरस्थ पद्धतीने बारावी किंवा पदवी घेतलेल्यांनाही त्यात प्रवेश मिळू शकतो. मात्र दहावी-बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतलेल्याला तो मिळत नाही. खुद्द कायद्याची पदवी दूरस्थ पद्धतीने घेता येत नाही, तिच्यासाठी वर्गात बसावे लागते. मग १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाखाली राज्याच्या वकील परिषदेकडे नोंदणी होते. राजस्थानची परिषद जोधपूरला आहे. उच्च न्यायालयाचे मुख्य पीठही तेथेच. जयपूरचे खंडपीठ १९७७ पासून पुन्हा सुरू झाले. नोंदणीनंतर अखिल भारतीय वकील परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. खरे शिक्षण त्यानंतर ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली सुरू होते. पहिली काही वर्षे मानधन तुटपुंजे असते आणि काम म्हणजे निबंधकाच्या कार्यालयात बसून सूची उतरवून घेणे. हे काम कंटाळवाणे वाटते. परंतु ज्याने ते चुकवले, त्याचा शोध अहवाल पुढे कायम कच्चा राहतो.

वकिलाला जाहिरात करता येत नाही. नामफलकसुद्धा वाजवी आकाराचाच हवा, असा भारतीय वकील परिषदेचा नियम आहे. मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवून फी घेणेही निषिद्ध आहे. त्यामुळे लहान कार्यालय चालते ते ओळखीवर आणि विश्वासावर. बँकांच्या यादीवरील वकिलाला नियमित काम मिळते, पण त्याबरोबर एक बंधन येते : ज्या बँकेला तो सल्ला देतो, तिच्याच कर्जदाराची बाजू त्याला घेता येत नाही. मालकीविषयीचा त्याचा अहवाल चुकीचा निघाला तर? २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात सांगितले, की केवळ निष्काळजीपणामुळे वकिलाला फौजदारी कटात गोवता येणार नाही; त्यासाठी त्याचा कटातील सहभाग दाखवावा लागेल. परंतु निष्काळजीपणाची अन्य जबाबदारी त्याच्यावर राहतेच.

ज्यांना फी परवडत नाही, त्यांच्यासाठी १९८७ च्या कायद्याने विधी सेवा प्राधिकरणे आहेत. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो; इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करून चौकशी करता येते. जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि लहान कार्यालयांतील अनेक वकील त्याच्या यादीवर काम करतात.

या वकिलाच्या कामातील सर्वांत अवघड प्रसंग न्यायालयात येत नाही, तो कार्यालयातील टेबलावर येतो. कुटुंबाने भूखंड पसंत केलेला असतो, मुहूर्त ठरलेला असतो, बयाणा देऊन झालेला असतो. वकिलाला मात्र जुन्या जमाबंदीत नाल्याची नोंद सापडलेली असते. शेजारच्या सगळ्यांनी घेतलेच आहेत, काही होत नाही, असे समोरची माणसे म्हणतात. मध्यस्थही तेच म्हणतो. वकील नक्कल पुढे सरकवतो, बोट ठेवून ती ओळ वाचून दाखवतो आणि ‘घेऊ नका’ असे सांगतो. अशा दिवशी त्याला खरेदीखताची फी मिळत नाही, शोधाची तेवढी मिळते. आणि मध्यस्थ पुढचे गिऱ्हाईक दुसऱ्या वकिलाकडे नेतो.